कणगीच्या तळाची मूठ

माहिती केंद्रातल्या कामाबद्दल अंकासाठी लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा मी विचारलं, किती खरं चालेल? "सगळं चालेल," म्हणाले. मग ऐका. मी चौथी शिकलेली बाई. माहेर आंबेगाव तालुक्यात, सासर जुन्नर तालुक्यात. काही वर्षं मी माल उतरवायचं काम केलं. ट्रकमधून नव्हे, कॉम्प्युटरमध्ये. कुणाला हसायचं असेल तर त्यानं आत्ताच हसून घ्यावं. पुढं मधेच हसलेलं मला चालणार नाही.

आमचं गाव पिंपळवंडीच्या अंगाला. कालव्याचं पाणी आलं आणि जिथं बाजरी व्हायची तिथं ऊस उभा राहिला. दोन हजार साल उलटलं त्या सुमारास पुण्याच्या एका संस्थेनं तालुक्यात माहिती केंद्रं काढली. दूध डेअरीच्या शेजारच्या खोलीत एक कॉम्प्युटर आला, बॅटरी आली आणि छपरावर भोंगा बसला. आधी बारावी झालेली पोरं ठेवली. एक चाकणला कंपनीत गेला, दुसरा त्याच्या मागोमाग गेला. तिसऱ्याला कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचे होते. डेअरीची किल्ली माझ्याकडं असायची, वाचता यायचं, आणि घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. म्हणून मला घेतलं. उपकार म्हणून नाही, दुसरं कुणी टिकत नव्हतं म्हणून.

आता काम काय ते सांगते, कारण माझ्या भावालाही ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हा गावात इंटरनेट नव्हतं. पुण्याहून एसटीनं सीड्या यायच्या. जनावरांची एक, पिकांची एक, आरोग्याची एक, सावधगिरीची एक. अशा एकेका विषयाला मॉड्यूल म्हणायचे. सीडी घातली की नुसतं यंत्र चालू होत नाही, तिच्याबरोबर सुरुवातीचा माल येतो. लिहिलेली पानं आणि तीच पानं वाचलेला आवाज. हा माल कॉम्प्युटरच्या पोटातल्या एका जागी जाऊन बसतो. पुण्यातली माणसं त्या जागेला रिपॉझिटरी म्हणत, मी कोठार म्हणे. दिवेलागणीला कॉम्प्युटर कोठारातली पानं आपोआप एकामागून एक वाचायचा आणि भोंग्यावरून ती गावभर ऐकू जायची.

आता मुद्दा असा, की माल कुठं आणि कसा उतरवायचा, हे कॉम्प्युटरला कळायचं कसं? प्रत्येक सीडीत त्याच्यासाठी एक चिठ्ठी असते. माल कुठल्या कप्प्यात ठेवायचा. तिथं आधीच काही असेल तर ते काढून आपला बसवायचा, की असू द्यायचं. आणि उद्या सीडी काढून टाकली, तर माल बरोबर न्यायचा की मागं ठेवायचा. झालं. एवढीच विद्या. हे नीट ठरवलं नाही की सगळं विस्कटतं.

पटत नसेल तर घरात बघा. नवी सून रुखवत घेऊन येते. मांडणीवर सासूची भांडी आधीच लावलेली असतात. सुनेचा तांब्या कुठं ठेवायचा? सासूचा काढून, की शेजारी? आणि भांडण होऊन सून माहेरी निघाली, तर तिनं आपलीच भांडी न्यायची, की मांडणीवरचं दिसेल ते गोणीत भरायचं? हे आधी ठरलेलं नसलं की काय होतं, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. फक्त तो रडत नाही.

हे सगळं मला मंजिरीनं शिकवलं. संस्थेची इंजिनीअर. पुण्याची, तिशीची, बारीक चणीची, एसटीत उलटी होते म्हणून लिंबू घेऊन यायची. पोरगी हुशार होती आणि हुशारी दाखवत नव्हती. चिठ्ठीतले सवाल तिनं माझ्यासाठी पडद्यावर मराठीत आणून ठेवले, पुढं 'हो' आणि 'नाही'.

"मावशी, 'हो' दाबायच्या आधी वाचायचं हं," ती म्हणाली.

"आगं, कागदावर अंगठा उठवायच्या आधी वाचायचं, म्हनून तर चौथीपत्तुर शिकले," मी म्हणाले.

पहिल्याच खेपेला तमाशा झाला. सीड्यांतला माल बनवला होता दुसऱ्याच मुलखासाठी. समुद्राकाठच्या. तोच उचलून आमच्याकडं पाठवला. संध्याकाळी भोंगा सुरू झाला आणि पुण्याच्या बाईच्या गोड आवाजात गावानं ऐकलं, समुद्र खवळलेला असताना होड्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्यात. मग नारळाच्या झाडाला खत कसं द्यावं. मग सुपारी.

गेनूबापू म्हणजे गावातला जुना म्हशीवाला. रोज संध्याकाळी केंद्राच्या पायरीवर येऊन बसायचा. ऐकायला नाही, चुका काढायला. तो म्हणाला, "हिराबाई, समुद्र कुठं आनलास गं? मानिकडोहाच्या धरनात का?"

"तिथंच. तुमची व्हडी बांधून या जावा."

"म्हशीला शिडं लावतो आता," तो म्हणाला, आणि पायरीवरचे सगळे हसले.

मंजिरीला कळवलं. तिनं तो माल काढला आणि आम्हाला आमची पानं भरायची मुभा दिली. तिथून खरं काम सुरू झालं. कांद्यावरच्या करप्याचं पान आम्ही आमच्या शब्दांत केलं. म्हशीच्या कासेला सूज आली तर पहिल्यांदा काय बघायचं, ते गेनूबापूनंच सांगितलं आणि जनावरांच्या डॉक्टरनं तपासून दिलं. घाटघरच्या केंद्रातल्या बाईनं भाताचं आणि हिरड्याचं भरलं. डिंगोऱ्याच्या केंद्रानं वेगळं. एकाच तालुक्यात वरचं गाव पावसानं कुजतं आणि खालचं पाण्यासाठी भांडतं. त्यांना एकच पान कसं चालेल?

मग बॅटरी बिघडली. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला, सीडी पुन्हा घातली, आणि सीडीनं आपलं रुखवत पुन्हा मांडणीवर लावलं. सासूची भांडी गेली. आमची सगळी पानं पुसली गेली. डिंगोऱ्याला तर उलटंच झालं. तिथं जनावरांची जुनी सीडी काढून टाकली, तर ती जाताना गावानं भरलेलंही घेऊन गेली, कारण दोन्ही एकाच कप्प्यात होतं.

मंजिरी आली, डोक्याला हात लावून बसली, मग तिनं आमच्याकडून पानं पुन्हा भरून घेतली आणि चिठ्ठीत बदल केला. हा बदल काय होता, ते मला नंतर कळलं. ती जागा आली की सांगते.

आता बिबट्याकडं येते.

ऊस आला तसा बिबट्या आला. सरळ हिशोब आहे. त्याला दडायला जागा, पाणी, कुत्री, डुकरं, सगळं उसात मिळतं. बिबटीण तिथंच विते. तिथं वाढलेल्या पिल्लाला ऊस हेच रान. त्यानं डोंगर कधी पाहिलेलाच नसतो. सावधगिरीच्या सीडीतलं पान मात्र म्हणायचं, 'जंगलात एकटे जाऊ नये. वन्य प्राण्याचे पिल्लू आढळल्यास सुरक्षित ठिकाणी हलवावे.'

माझ्या शेजारच्या शांताची पोर उसाच्या बांधावर बसली होती. शांता चार पावलांवर गवत कापत होती. बिबट्यानं पोरीला खांद्याला धरलं. शांतानं विळा फेकला, दगड फेकला, गवताचा भारा फेकला आणि अशी ओरडली की कालव्यापलीकडची माणसं धावत आली. त्यानं पोर सोडली. पोर वाचली. खांद्यावरचे वण लग्नाच्या फोटोतही दिसतात. त्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर शांता केंद्रात आली आणि म्हणाली, "तुजा भोंगा रोज जंगल जंगल करतो. जंगल कुटंय गं? माजी पोर बांधावर बसली व्हती."

मी म्हणाले, "मग तूच बोल."

वनखात्याचा एक माणूस पिंजरा लावायला आला होता. त्याला बसवून घेतलं, विचारून विचारून पान तयार केलं, आणि शांताच्याच आवाजात भरलं. ते मला अजून पाठ आहे:

"आयाबायांनो, मी शांता बोलतीया. बिबट्या जंगलात न्हाई, उसात हाय. उसाच्या कडंला पोरं बसवू नका. वाकून काम करताना एकीनं उभं ऱ्हावा, मोठ्यानं बोलत ऱ्हावा. ऊस तोडताना चारी बाजूंनी घेरू नका, त्याला जायला एक बाजू मोकळी सोडा. पिल्लं घावली तर हात लावू नका. मांजराची वाटत्याल, मांजराची न्हाईत. कोयता खाली ठेवा, पोरं घेऊन लांब व्हा, वनखात्याला सांगा. तिची पिल्लं ती नेती."

हे पान गावापेक्षा जास्त कामाचं होतं ते ऊसतोडीवाल्यांना. ती माणसं बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात. त्यांच्याकडं बिबट्या नाही. फडाच्या कडेलाच खोपट, पहाटे आईबाप ऊस तोडायला, आणि पोरं तिथंच कडेला गोधडीवर. त्यांना वाचता येत नाही, सांगायला कुणी जात नाही. मुकादम सांगेल म्हणावं तर त्याला गाडी भरायची घाई. त्यांना सांगणारं एकच होतं, छपरावरचा भोंगा.

आणि नेमका तोडीचा हंगाम सुरू होताना साहेबांचा हुकूम आला.

साहेब म्हणजे संस्थेचे पुण्यातले मुख्य. मी त्यांना वाईट म्हणत नाही. त्यांची अडचण खरी होती. कुठल्यातरी केंद्रात कुणीतरी सापाच्या विषावर मंतरलेल्या पाण्याचं पान भरलं होतं. ते भोंग्यावरून वाचलंही गेलं. साहेबांनी कपाळ बडवून घेतलं असणार. त्यांनी ठरवलं, सगळ्या केंद्रांत एकच माल. तज्ज्ञांनी तपासलेला. आधी कोठार पूर्ण रिकामं करा, मग नव्या सीड्या घाला.

मी डेअरीतल्या फोनवरून विचारलं, "साहेब, नव्या सीडीत बिबट्याचं काय हाय?"

"आहे ना, सावधगिरीत आहे."

"जंगलातलं का उसातलं?"

"हिराबाई, पुढच्या वेळी तुमचं पान तज्ज्ञांकडे पाठवू. समिती बसेल. मंजूर झालं की सगळीकडे जाईल."

"समिती बसंस्तवर ऊस तोडून व्हईल."

"सूचना सगळ्यांना सारखी आहे," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मंजिरीला विचारावं तर तिच्या बहिणीचं लग्न. ती नाशकाला.

मी कोठार रिकामं करायला बसले. कांद्याचं पान पुसलं. म्हशीचं पुसलं. वाईट वाटलं, पण हुकूम तो हुकूम, आणि नव्या सीडीत कांदा न् म्हैस असणार होतीच. शेवटी शांताचं पान राहिलं. पडद्यावर सवाल आला, हे पुसायचं का?

आमच्याकडं धान्याची कणगी कधी पूर्ण रिकामी करत नाहीत. नवं धान्य ओतायच्या आधी कणगी झाडतात, सारवतात, पण तळाला जुन्या धान्याची मूठ ठेवतात. नवं त्याच्यावर पडतं. धान्य संपलं असं आम्ही तोंडानंसुद्धा म्हणत नाही, वाढलं म्हणतो. माझ्या आईनं कणगी कधी रिती केली नाही, मी केली नाही. श्रद्धा म्हणा, सवय म्हणा. मला विचाराल तर शहाणपण आहे. नवं कसं निघेल ते पेरून बघेपर्यंत कुणाला माहीत?

मी 'नाही' दाबलं.

हे मी विसरून केलं नाही, चुकून केलं नाही. हुकूम माहीत असून केलं. मग नव्या सीड्या एकेक करून घातल्या. कॉम्प्युटर घुरघुरला, पडद्यावर आलं, 'काम पूर्ण झाले'. मी कुलूप लावून घरी गेले.

दिवेलागणीला भोंगा बोलला, "आयाबायांनो, मी शांता बोलतीया."

मला बरं वाटलं. पान संपलं. आता कांदा येईल म्हणून मी भाकरी थापत बसले. भोंगा म्हणाला, "आयाबायांनो, मी शांता बोलतीया." पुन्हा संपलं. पुन्हा आयाबायांनो. भाकरी होईस्तोवर शांता बोलतच होती.

जाऊन बघते तो कोठारात ते एकच पान. नवा माल उतरलाच नव्हता. सीडी पुन्हा घातली. 'काम पूर्ण झाले'. आणि आत काही नाही.

मंजिरीनं नंतर सांगितलं ते असं. आमची पानं एकदा पुसली गेली, त्यानंतर तिनं चिठ्ठीत लिहून ठेवलं होतं, कोठारात गावाचं एकही पान नसेल तरच माल उतरव. एक पान जरी आत असलं, तरी हात लावू नकोस. तिनं हे आमची पानं वाचवायलाच केलं होतं. म्हणून तर हुकमात आधी रिकामं करा असं होतं. सीडी दारात आली, आत शांता दिसली, आणि सगळं रुखवत डोक्यावर घेऊन परत गेली. वर 'काम पूर्ण झाले' म्हणून सांगून गेली.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन केला. मंजिरी येईल तेव्हा बघू म्हणाले. पान पुसून परत बघा, असंही तिथल्या एका पोरानं सुचवलं. मी म्हणाले, मला जमत नाही. जमत होतं.

त्या आठवड्यात गावानं मला जे ऐकवलं ते इथं छापता येणार नाही. रोज संध्याकाळी शांता आणि फक्त शांता. पोरं शाळेत जाताना तिच्या आवाजात म्हणायची. नवरा-बायकोच्या भांडणात "तिची पिल्लं ती नेती" ऐकू यायला लागलं. शांता तोंडावर पदर घेऊन पाण्याला जायची. "हिराबाई, एवडं तर मी माज्या नवऱ्यालाबी बोलले नाय गं," ती म्हणाली.

गेनूबापूचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. लाळ्या-खुरकुताच्या लशीचं शिबिर शेजारच्या गावात होऊन गेलं. अशा बातम्या भोंग्यावरून जायच्या, पण ज्या पानात त्या घालायच्या ते पानच आत नव्हतं. त्याच्या म्हशींची लस चुकली.

"तुजा बिबट्या रोज वरडतोय," तो पायरीवर काठी आपटून म्हणाला, "आन् माजी जनावरं बिनलशीची ऱ्हायली. तुला काय, तुज्या दारात शेपूट न्हाई."

"खरं हाय, बापू."

"खरं हाय म्हनतीस, मग पुस की ते!"

"तोडकरी हाईत तवर न्हाई पुसत."

"लई माजलीस," तो म्हणाला. टेम्पो करून म्हशी ओतूरला घेऊन गेला आणि लस टोचून आणली. त्यानंतर तो केंद्राच्या पायरीवर बसला नाही. ते मला लागलं. पण मी पान पुसलं नाही.

मग द्वारकेचं झालं.

द्वारका ही तोडकऱ्यांच्या टोळीतली बाई. कालव्यालगतच्या फडात त्यांची तोड चालू होती. तिची दोन पोरं सुरुवातीला तिथंच उसाच्या कडेला असायची. भोंगा ऐकून ऐकून तिनं त्यांना डेअरीच्या ओट्यावर आणून सोडायला सुरुवात केली. मला एका शब्दानं विचारलं नाही. "मावशे, हितं ठिवते, तुजाच भोंगा म्हंतोय," एवढंच.

त्या दिवशी दुपारी ओरडा झाला म्हणून मी फडाकडं गेले. निम्मा ऊस पडलेला, कोयते थांबलेले, आणि सगळी टोळी बांधावर. पाचटात, उसाच्या वाळल्या पाल्यात, बिबट्याची पिल्लं. दोन दिसत होती, आणखी एक असेल. डोळे नीट उघडलेले नव्हते. मांजराचीच वाटत होती.

मुकादम पोतं घेऊन उभा होता. "पोत्यात घालतो, गावात ठिवू. वनखातं येईल तवा न्हेईल. गाडी भरायची राह्यलीय."

द्वारका त्याच्यापुढं आडवी उभी होती. "हात लावायचा न्हाई."

"बाजूला हो."

"भोंगा काय म्हंतोय रोज? कान हायेत का भोकं? पिल्लं उचलली तर ती कुनाच्या दारात हुडकत येईल? तुज्या का माज्या? खोपट माजं हाय उसाला लागून. माजी पोरं निजत्यात तितं."

"भोंगा गाडी भरनार हाय का?"

"न्हाई भरनार. आज मीबी न्हाई भरत."

तिनं कोयता खाली ठेवला. मग दुसरीनं ठेवला. मुकादम माझ्याकडं वळला. "ओ बाई, तुमीच लावलंय ना हे खूळ? रोज येकच, रोज येकच!"

"रोज एकच, म्हनून तर हिच्या ध्यानात राह्यलं," मी म्हणाले. "पोतं आन इकडं."

तोवर गावातली माणसं बघायला जमली. एक पावणं तर कॅमेरा घेऊन आले होते. मी असल्या वेळी मऊ बोलत नाही. ज्याला पिल्लाबरोबर फोटो काढायचा असेल त्यानं आईबरोबर काढावा, ती जवळच आहे, असं सांगितलं. फड झटकन मोकळा झाला. टोळी सामान घेऊन शाळेच्या व्हरांड्यात आली. वनखात्याच्या माणसाला कळवलं. तो आला, त्यानं लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "बरं केलं, हात लावला नाही."

रात्री बिबटिणीनं पिल्लं कशी नेली ते मी पाहिलेलं नाही. पाहिलं असं सांगणारे गावात पुष्कळ निघाले, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. सकाळी वनखात्याचा माणूस जाऊन आला तेव्हा पाचट रिकामं होतं. एवढंच मी सांगू शकते. टोळीतल्या कुणाला ओरखडा नाही. द्वारकेची पोरं माझ्या ओट्यावर बसून दूध पीत होती आणि सांडत होती.

पुढं मंजिरी आली, आणि तिच्याबरोबर साहेबही आले. मंजिरीनं कॉम्प्युटर उघडून बघितला, शांताचं पान बघितलं, आणि तिच्या ध्यानात आलं. ती माझ्याकडं बघून हसली नाही, रागावलीही नाही. "माझीच चिठ्ठी," म्हणाली. "मावशी, पण मला कळवायला हवं होतं, म्हशींचं तरी."

ते बरोबर होतं. मी तिला तसं सांगितलं.

साहेबांना मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेणारे होते. पण शेवटी म्हणाले, "हिराबाई, या वेळी चांगलं झालं. पण उद्या प्रत्येक केंद्रातला माणूस म्हणेल, मला वाटलं म्हणून मी ठेवलं. मंतरलेलं पाणी ठेवणाऱ्यालाही तसंच वाटलं होतं."

"त्याचं पान कुनी तपासलं व्हतं?" मी विचारलं. "आमचं पान वनखात्यानं सांगितलेलं हाय, आन् बोलनारीच्या पोरीच्या खांद्यावर वण हायेत. तुमच्या पानाला काय हाय? होड्या हायेत."

मंजिरीनं खिडकीकडं तोंड केलं.

"ते जुनं झालं," साहेब म्हणाले. "मला फाइलला काहीतरी लागेल. सूचना पाळली नाही, यापुढे पाळेन, असं लिहून द्या. मग मंजिरी काय ते करेल."

मंजिरीनं काय केलं ते आधी सांगते. तिनं कोठारात गावाचा वेगळा कप्पा केला. कुठलीही सीडी येवो, त्या कप्प्याला हात लावायचा नाही, जाताना त्यातलं न्यायचं नाही, आणि तिथं पान आहे म्हणून दारातून परतही जायचं नाही. नवं आलं की जुन्याच्या शेजारी बसेल. त्या कप्प्यात पान घालायचं तर त्या विषयातल्या जाणत्या माणसाची खूण हवी. म्हणजे साहेबांचंही राहिलं. तिनं कप्प्याला नाव दिलं 'तळ'. नाव मी सांगितलं नव्हतं. घाटघरलाही केला, डिंगोऱ्यालाही. जाताना तिनं शांताचं पान मुकादमाला कॅसेटवर उतरवून दिलं. उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी लावतात ना, त्या गाण्यांच्या मधे शांता वाजायची. तोच मुकादम, तेच खूळ.

आता लिहून देण्याचं. साहेबांनी कागद दिला, पेन दिलं. मी टेबलाशी बसले. माझं अक्षर मोठं आहे आणि ओळ वर चढते. मी लिहिलं:

'सूचना पाळली नाही. ऊस उभा आहे तोवर पाळणार नाही.'

खाली सही केली, पूर्ण नावानं.

साहेबांनी वाचलं. "हे असं चालत नाही," म्हणाले.

"तुमचा कागद, तुमचं पेन," मी म्हणाले. "नाव माजं हाय."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. फाइलला लावला की फाडला, मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. केंद्र मात्र पुढची काही वर्षं माझ्याकडंच राहिलं. गेनूबापू वर्षभरानं पुन्हा पायरीवर येऊन बसला. म्हणाला, "कांद्याचं चुकलंय." चुकलं नव्हतं.

नंतर घरोघरी मोबाइल आले आणि केंद्र बंद पडलं. भोंगा देवळानं नेला. कॉम्प्युटर शाळेच्या अडगळीत आहे, 'तळ' त्याच्या पोटात असेल नसेल. मंजिरी परदेशात असते, दिवाळीला फोन करते. द्वारका दर हंगामाला येते, आता तिच्या टोळीत सुना आहेत. पोरं अजून माझ्या ओट्यावर सोडते, अजून विचारत नाही. समिती बसली की नाही, ते मला कुणी कळवलेलं नाही.

मी हे ओट्यावर बसून लिहितेय. समोर कालव्यापर्यंत ऊस उभा आहे.